माळरानावरची आजी



वसंत ऋतूतल्या या व्याख्यानमालांतून थोरांची चरित्रे आपण पुष्कळ ऐकली आहेत. राज्ये मिळविणारे, ग्रंथ लिहिणारे, तुरुंगात जाणारे असे अनेक पुरुष या व्यासपीठावरून आपल्या भेटीला येऊन गेले. आज आम्ही आपल्यापुढे एका आजीबाईला उभे करणार आहोत. बाई परदेशातली, कॅनडाच्या माळरानावरची. पाच मुलांची आई, पुढे नातवंडांची आजी, लोणची-मुरंबे घालणारी, गोष्टी सांगणारी आणि गावाच्या प्रत्येक कामात पदर खोचून पुढे होणारी. नेली मॅक्लंग हे तिचे नाव. जन्म 20 ऑक्टोबर 1873 चा आणि मृत्यू 1 सप्टेंबर 1951 चा.

सात समुद्रांपलीकडच्या या बाईशी आपले नाते काय, असे कोणी विचारील. ते विचारणे रास्तच आहे. नाते दुहेरी आहे. तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा तंटा ज्या न्यायपीठापुढे तुटला, त्याच लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे त्या काळी आपल्या मुंबई इलाख्यातली अपिलेही जात असत. हे एक नाते. दुसरे याहून जवळचे आहे. घराची हद्द कोठे संपते, उंबऱ्यापाशी की त्याच्या पलीकडे, हा प्रश्न तिने जन्मभर विचारला. तो प्रश्न आपल्याही घरातला आहे आणि तो अजून सुटलेला नाही.

प्रथम तो मुलूख डोळ्यांपुढे आणू या. मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि आल्बर्टा या तीन प्रांतांतून पसरलेल्या गवताळ मैदानाला तिकडे प्रेअरी म्हणतात. कोसच्या कोस सपाट जमीन, झाड दिसले तर नदीच्या काठी, आणि वर अफाट आभाळ. हिवाळ्यात पारा शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरतो. 1872 च्या जमीन कायद्याने सरकारने तेथे वसाहत करणाराला दहा डॉलर भरून 160 एकर जमीन देऊ केली. तीन वर्षे तेथे राहावे, जमीन कसावी, घर बांधावे, म्हणजे ती त्याच्या मालकीची होई. लाकूड नाही म्हणून कित्येकांनी गवताच्या मुळ्यांनी घट्ट झालेल्या मातीचे चौकोन कापून भिंती रचल्या. सर्वांत जवळचा डॉक्टर एखाद्या दिवसाच्या वाटेवर. बाळंतपण निभवायचे ते शेजारणीच्या जिवावर, आणि शेजारीण म्हणजे मैल-दोन मैलांवरची.

मात्र ही जमीन बेवारशी नव्हती, हेही येथेच सांगून टाकले पाहिजे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या मूळचे रहिवासी राहत होते. त्यांचे सारे जीवन रानगव्यांच्या कळपांवर चालत असे. 1871 पासून सरकारने त्यांच्याशी एकामागून एक करार केले, त्यांना राखीव तुकड्यांत बसविले, आणि थोड्याच वर्षांत रानगव्यांचे कळपही नाहीसे झाले. एकाचे घर वसते तेव्हा दुसऱ्याचे कधी कधी उठलेले असते. आजीबाईंची गोष्ट सांगताना हे विसरून चालणार नाही.

या माळावर पुढे गव्हाचे जे पीक डोलू लागले त्याविषयी एक गमतीची गोष्ट सांगतो. तेथला उन्हाळा आखूड असतो. गहू पिकण्याआधीच कडाक्याची थंडी पडली की सारे वर्ष बुडते. या संकटातून शेतकऱ्याला सोडविले ते ‘मार्क्विस’ नावाच्या लवकर पिकणाऱ्या वाणाने. 1892 साली केलेल्या संकरातून तो निपजला आणि 1909 पासून शेतकऱ्यांच्या हाती पडू लागला. या वाणाचा बाप कॅनडातला ‘रेड फाइफ’ आणि आई ‘हार्ड रेड कलकत्ता’, म्हणजे आपल्या हिंदुस्थानातली! माहेरचे नाव तिने नावातच जपून ठेवले आहे.

आता नेलीकडे वळू. ऑन्टॅरिओ प्रांतातल्या मूनी नावाच्या शेतकरी कुटुंबातले सहा मुलांतले हे शेंडेफळ. 1880 साली हे कुटुंब पश्चिमेला निघाले आणि मॅनिटोबातल्या सूरिस नदीच्या खोऱ्यात येऊन स्थिरावले. गावात शाळा नव्हती. शाळा निघाली तेव्हा नेली दहा वर्षांची होती, आणि तोवर तिला वाचता येत नव्हते. तीच मुलगी सोळा-सतराव्या वर्षी शिक्षिकेची परीक्षा देऊन शाळेत शिकवू लागली. अक्षरांची भूक किती असेल हे यावरून ताडावे.

लहानपणीची एक साधी घटना तिने आत्मचरित्रात नोंदविली आहे. गावाची सहल होती. मुलांच्या धावण्याच्या शर्यती लागल्या. नेलीलाही धावायचे होते. पण मुलींनी धावायचे नाही, असे तिला सांगण्यात आले. कारण काय, तर धावताना झगे वर उडतील आणि पाय दिसतील! मुलगी त्या दिवशी गप्प बसली, पण विसरली नाही. पाय असून धावायचे नाही, तोंड असून बोलायचे नाही, घाम गाळून जमिनीवर हक्क नाही, या साऱ्या गोष्टी एकाच माळेतल्या आहेत हे तिला पुढे कळले.

जमिनीचे तर पाहाच. ती 160 एकर जमीन पुरुषाला मिळे. बाईला मिळायची तर ती कुटुंबप्रमुख असली पाहिजे, म्हणजे बहुधा विधवा. सवाष्ण बाईला नाही, कुमारिकेला नाही. बाई नवऱ्याबरोबर माती फोडी, गाई दोही, मळणीच्या दिवसांत वीस-वीस माणसांचा स्वयंपाक एकटीने रांधी. आणि एके दिवशी नवरा तिला न विचारता ते शेत विकून मोकळा होऊ शके. कायदा त्याच्या बाजूने होता. ही चाल मोडून पत्नीच्या संमतीवाचून घर-जमीन विकता येऊ नये असा कायदा आल्बर्टात 1917 साली आणि मॅनिटोबात 1918 साली झाला. तो आपोआप झाला नाही. त्यामागे नेलीसारख्या अनेक बायकांनी घासलेले जोडे आहेत.

नेलीच्या लग्नाची हकीकत आपल्या सासूसुनांनी ऐकण्याजोगी आहे. मॅनिटू गावी शिक्षिका असताना ती ॲनी मॅक्लंग नावाच्या बाईंच्या घरी राहत होती. या बाई दारूबंदीच्या चळवळीतल्या पुढारी, स्त्रियांना मत असावे असे उघड म्हणणाऱ्या. नेलीला प्रथम पसंत पडली ती ही सासू, आणि मग तिने तिच्या मुलाकडे नीट पाहिले! 1896 साली औषधाचे दुकान चालविणाऱ्या वेस्ली मॅक्लंगशी तिचे लग्न झाले. सासूने सुनेला लिहिण्यास बसविले, कथास्पर्धेत भाग घ्यायला लावले, आणि सून लिहीत असता मुले सांभाळली. त्यातून 1908 साली जी कादंबरी बाहेर पडली तिने साऱ्या कॅनडात नेलीचे नाव झाले. सासूने सुनेच्या हाती लेखणी दिली तर काय होते, याचे हे उदाहरण आहे. आमच्या मते चरित्रातले हे पान इतर पुष्कळ पानांहून मोलाचे आहे.

मग ही बाई घर सोडून सार्वजनिक कामात का पडली? तिचे उत्तर सरळ होते. घर सोडायचे नाही, घर वाढवायचे आहे. घरात पाणी स्वच्छ हवे, मूल निरोगी हवे, मिळकत दारूच्या गुत्त्यात जाता कामा नये, हे पाहणे आईचे काम ना? मग ते पाणी नगरपालिकेच्या नळातून येते, ते मूल सरकारी शाळेत जाते, आणि त्या गुत्त्याला परवाना सरकार देते. तेव्हा आईने नगरपालिकेत, शाळेच्या मंडळात आणि विधिमंडळात जाणे हा तिच्या घरकामाचाच भाग झाला. आपल्याकडे दारूचे दुकान हटविण्यासाठी ‘आडवी बाटली’ला मत देणाऱ्या खेडोपाडीच्या बायांना हा युक्तिवाद कोणी शिकविला नव्हता. त्यांना तो आपला आपण सुचला. सुखदुःख सारखे असले की विचारही सारखे सुचतात.

1911 साली कुटुंब विनिपेग शहरात आले. तेथे तळघरांतून कपड्यांचे कारखाने चालत. अंधार, कोंदट हवा, तुटपुंजी मजुरी आणि कामावर पोरीबाळी. प्रांताचे मुख्यमंत्री रॉब्लिन यांना नेलीने आणि तिच्या एका सोबतिणीने गाडीत घालून हे कारखाने दाखवायला नेले. मुख्यमंत्री घाण पाहून अस्वस्थ झाले खरे, पण कारखान्यांवर स्त्री-निरीक्षक नेमा म्हणताच अंग काढून घेऊ लागले. चांगल्या घरच्या बायकांनी असल्या गोष्टीत लक्ष घालू नये, असे त्यांचे मत पडले. मताचा हक्क असल्यावाचून दार उघडणार नाही, हे नेलीच्या मनाने त्या दिवशी पक्के घेतले.

1914 च्या जानेवारीत शिष्टमंडळ मुख्यमंत्र्यांकडे गेले. त्यांनी गोड बोलून नकार दिला. नेली त्यांचे हातवारे, त्यांचे टाचांवर झुलणे बारकाईने न्याहाळीत होती. दुसऱ्याच दिवशी, 28 जानेवारीला, वॉकर नाट्यगृहात बायकांनी एक लुटुपुटीची विधानसभा भरविली. राज्य बायकांचे, आणि पुरुष मताचा हक्क मागायला आलेले! नेली मुख्यमंत्री झाली होती. पुरुषांना मत दिले तर त्यांचे चित्त कामावरून उडेल, घरे मोडतील, पुरुषांची जात याहून थोर कार्यासाठी जन्माला आली आहे, असे तिने रॉब्लिनसाहेबांच्याच ढंगात ठासून सांगितले. लोक हसून हसून बेजार झाले. तासभर व्याख्यान देऊन जे पटले नसते ते हसता हसता पटले. आमच्या कीर्तनकारांना हे गुपित फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

पण केवळ हसविण्याने कायदे होत नाहीत. सरकार बदलले, आणि नव्या सरकारने सह्या गोळा करून आणा म्हणून सांगितले. बायका बाहेर पडल्या. सुमारे चाळीस हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्याखेरीज चार हजारांहून अधिक सह्यांचा एक निराळा अर्ज होता, आणि त्या साऱ्या सह्या नव्वदी ओलांडलेल्या अमेलिया बरिट नावाच्या एका आजीने एकटीने गोळा केल्या होत्या! नव्वदीच्या पुढे माणूस स्वतःसाठी काय मागणार? ही आजी नातींसाठी, पणतींसाठी मागत होती. 28 जानेवारी 1916 रोजी मॅनिटोबाने स्त्रियांना मताधिकार दिला. कॅनडात हा मान त्या प्रांताचा पहिला. नेली तोवर एडमंटनला राहायला गेली होती. पुढे 1921 ते 1926 ती आल्बर्टाच्या विधानसभेची सभासद होती, आणि स्त्रिया व मुले यांच्या प्रश्नांवर प्रतिपक्षातल्या आयरीन पार्लबीबरोबर पक्ष बाजूला ठेवून काम करी.

पोरांना वाऱ्यावर सोडून ही बाई भाषणे देत हिंडते, अशी टीका तिच्यावर होतच होती. घरात तिचा विनोद झाला होता. धाकटे पोर चिखलाने माखलेले दिसले की वडील भावंड त्याला मागच्या गल्लीतून घरी पळवून आणी. वर्तमानपत्रवाल्याने छबी टिपली तर आईची धडगत नाही! ज्या घरात टीकेवर असे हसता येते ते घर मोडलेले नसते.

आता त्या लंडनच्या दाव्याकडे येतो. कॅनडाच्या 1867 च्या घटना-कायद्यात म्हटले होते की योग्य ‘व्यक्तीं’ना सिनेटवर नेमावे. बाईला नेमा म्हटले की उत्तर येई, बाई ही या कलमातली ‘व्यक्ती’ नव्हे. एमिली मर्फी 1916 साली एडमंटनला न्यायाधीश झाल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी एका वकिलाने त्यांच्या तोंडावर हा आक्षेप घेतला होता. 1927 च्या ऑगस्टमध्ये मर्फी यांच्या घरी पाच बायका जमल्या. स्वतः मर्फी, नेली, पार्लबी, लुईझ मॅकिनी आणि हेन्रिएटा म्यूर एडवर्ड्‌स. त्यांनी अर्जावर सह्या केल्या. 24 एप्रिल 1928 रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. बायकांनी प्रिव्ही कौन्सिल गाठले. 18 ऑक्टोबर 1929 रोजी लॉर्ड सँकी यांनी निकाल सांगितला की स्त्री ही व्यक्ती आहे, आणि घटना ही वाढणाऱ्या झाडासारखी समजून तिचा अर्थ लावला पाहिजे.

हे ऐकून आपल्याला हसू येईल. पण आपल्याकडे काय होते? 1916 साली कलकत्त्यास रेजिना गुहा यांनी आणि 1921 साली पाटण्यास सुधांशुबाला हाजरा यांनी वकिलीची सनद मागितली, तेव्हा आपल्याही उच्च न्यायालयांनी कायद्यातल्या ‘व्यक्ती’ शब्दात बाई बसत नाही, असाच कौल दिला. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1892 साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उतरल्या, त्यांना वकिलीचे दार उघडायला 1923 चा कायदा व्हावा लागला. मुंबई इलाख्यात 1921 साली स्त्रियांना मताधिकार मिळाला, त्यासाठी रमाबाई रानडे यांच्यासारख्या वयस्क स्त्रीला पुढे यावे लागले. तेव्हा या बाबतीत एक देश पुढारलेला आणि दुसरा मागासलेला, असे म्हणण्यात अर्थ नाही. ‘व्यक्ती कोण’ हा तंटा सगळीकडे चालू होता.

भगिनींनो आणि बंधूंनो, चरित्र येथेच संपविले असते तर आपण टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. परंतु ते प्रामाणिकपणाचे झाले नसते. 1928 साली, म्हणजे ‘आम्ही व्यक्ती आहोत’ हा दावा चालू असतानाच, आल्बर्टा प्रांताने मनोदुर्बळ ठरविलेल्या माणसांचे प्रजनन शस्त्रक्रियेने बंद करण्याचा कायदा केला. एमिली मर्फी यांनी त्याचा जोराने पुरस्कार केला, आणि आमच्या या आजीबाईंनीही त्याला पाठिंबा दिला. सुरुवातीला संमतीची अट होती. 1937 साली तीही पुष्कळांच्या बाबतीत काढून टाकली. 1972 मध्ये कायदा रद्द होईपर्यंत दोन हजार आठशेहून अधिक माणसांवर या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत गरीब, परदेशातून आलेले आणि मूळचे रहिवासी यांचा भरणा मोठा होता. लैलानी म्यूर नावाच्या मुलीवर तिला न सांगता ही शस्त्रक्रिया झाली होती. तिने पुढे प्रांत सरकारवर दावा लावला आणि 1996 साली तो जिंकला.

मताधिकाराच्या बाबतीतही वाटणी सारखी नव्हती. लुटुपुटीची विधानसभा भरली त्याच 1914 साली ‘कोमागाता मारू’ जहाजावरच्या 376 हिंदी उतारूंतल्या मोजक्यांनाच व्हँकुव्हर बंदरात उतरू दिले, बाकीच्यांना परत पाठविण्यात आले. ब्रिटिश कोलंबियात आपल्या लोकांना 1907 पासून 1947 पर्यंत मत नव्हते. राखीव प्रदेशातल्या मूळच्या रहिवाशांना देशाच्या निवडणुकीत विनाअट मत मिळाले ते 1960 साली.

आता या आजीला आपण कसे आठवायचे? काही लोक म्हणतील, डाग लागला, पुतळा पाडा. काही म्हणतील, मोठ्या माणसांचे दोष काढू नयेत. आम्हाला दोन्ही मते पटत नाहीत. आम्ही जरा खोल पाहिले तेव्हा असे दिसले की तिचा गुण आणि तिचा दोष एकाच विहिरीचे पाणी आहे. दुसऱ्याच्या मुलाची काळजी करणे हा तिचा गुण. जेथे ती मळणीवाल्या बाईचे गाऱ्हाणे ऐकून उठली, कारखान्यातल्या पोरीला डोळ्यांनी पाहून उठली, तेथे तिच्या हातून कल्याण झाले. जेथे ज्यांच्याविषयी निर्णय घ्यायचा त्यांना कोणी विचारलेच नाही, तेथे त्याच काळजीचे सुरी-कात्रीत रूपांतर झाले. पुरुषांनी बायकांना न विचारता त्यांचे हित ठरविले, हा जो अन्याय, तोच अन्याय तिने आपल्याहून दुबळ्यांच्या वाट्याला येऊ दिला.

हे दूरदेशीचे पाप म्हणून आपण कानांवर हात ठेवू शकत नाही. 1975 ते 1977 च्या आणीबाणीत आपल्या देशात सक्तीने नसबंदी झाली. 1976 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकच संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. तेव्हाही भाषा देशहिताचीच होती. तेव्हा समाजकार्य करणाराने स्वतःला रोज विचारावे असा प्रश्न एवढाच आहे की, ज्यांचे भले मी करू पाहतो त्यांना मी विचारले आहे काय?

उत्तर आयुष्यात ही आजी प्रशांत महासागराच्या काठी व्हिक्टोरियाजवळ राहिली. बाग केली, वर्तमानपत्रांतून स्फुट लेख लिहिले. 1936 साली कॅनडाच्या नभोवाणी मंडळावर नेमलेली ती पहिली स्त्री होती. 1938 साली राष्ट्रसंघात ती देशाची प्रतिनिधी म्हणून गेली. सिनेटवर मात्र त्या पाच जणींपैकी एकीचीही नेमणूक झाली नाही. 2009 साली, पाचहीजणी गेल्यानंतर कित्येक वर्षांनी, त्यांना सन्माननीय सिनेटर म्हणून घोषित करण्यात आले. 1999 साली कॅलगरी शहरात त्यांचे शिल्प उभारले गेले. त्यात बायकांचे चहापान चालले आहे आणि शेजारी एक खुर्ची रिकामी ठेवलेली आहे. येणाऱ्याने तीवर बसावे, अशी योजना.

आपल्याही वाड्यांतून, चाळींतून, वाड्यावस्त्यांतून अशा आज्या होऊन गेल्या. रात्री-अपरात्री सुईणपण करणाऱ्या, शेजारणीला पायलीभर जोंधळे देऊन परत न मागणाऱ्या, नातीच्या शाळेसाठी मुलाशी भांडणाऱ्या. त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. आमची आपणांस विनंती आहे की या सुट्टीत घरातल्या वृद्ध स्त्रीजवळ बसा, तिने काय केले ते विचारा आणि वहीत उतरून घ्या. तिने गावासाठी केलेले लिहा, आणि तिच्या हातून कोणाला विन्मुख जावे लागले असेल तर तेही लिहा. कोणत्या जातीच्या बाईला तिने पाणी वरून वाढले, तेही लिहा. आजीवरचे प्रेम त्याने कमी होत नाही. आजीचे बोट धरून आपण चालायला शिकलो, पण तिला जेथवर जाता आले त्याच्या पुढची वाट आपणांसच चालावयाची आहे.